पोलादाचा उजेड आणि माणसाचा चेहरा

कारखान्याच्या पोटांत घेतलेल्या छायाचित्रांस कलाकृति म्हणावयाचें कीं नाहीं, याविषयीं सुशिक्षितांच्याहि मनांत शंका असते. ती फिटावी अशीं चित्रें मार्गारेट बर्क-व्हाइट या अमेरिकन बाईंनीं घेतलेलीं आहेत. १९४६ सालीं त्यांनीं घेतलेलें, चरख्याजवळ बसलेल्या महात्मा गांधींचें चित्र आपल्याकडे सर्वपरिचित आहे. परंतु त्यांच्या कीर्तीचा पाया क्लीव्हलंड येथील ओटिस कंपनीच्या पोलादाच्या कारखान्यांत घातला गेला.

१९२७-२८ च्या हिवाळ्यांत त्या तेथें शिरल्या. वितळलेलें पोलाद डोळे दिपवितें. तेव्हां तेथें उजेडाला काय तोटा, असें कोणासहि वाटेल. परंतु त्या रसाचा उजेड तांबडा, आणि त्या काळच्या फिल्मला निळा प्रकाश कळे, तांबडा जवळजवळ कळतच नसे. डोळ्यांपुढें अग्नीचा लोट आणि फिल्मवर काळोख! अखेर मॅग्नेशियमच्या मोठ्या मशाली पेटवून त्यांच्या शुभ्र प्रकाशांत ही अडचण दूर करावी लागली. या चित्रांमुळेंच हेन्‍री ल्यूस यांनीं १९२९ सालीं आपल्या नियोजित ‘फॉर्च्यून’ मासिकासाठीं बाईंना बोलावून घेतलें.

या चित्रांची रचना भव्य आहे, यांत वाद नाहीं. ठिणग्यांचा वर्षाव, अजस्र पळ्या, धुराचे पडदे यांत एखाद्या प्राचीन देवालयाचें गांभीर्य आहे. परंतु त्या देवालयांत पुजारी कोठें आहे, असा प्रश्न आम्हांस पडतो. माणूस दिसलाच तर यंत्राची उंची कळावी म्हणून उभा केलेल्या मापाच्या काठीसारखा दिसतो. कारखान्याचें दार मालकाच्या अनुमतीनें उघडलें होतें. आणि ज्याच्या अनुमतीनें दार उघडतें, त्याच्या दृष्टीची छटा चित्रावर उमटल्यावांचून राहत नाहीं.

याच्या शेजारीं लुइस हाइन यांचीं चित्रें ठेवून पाहावीं. बालमजुरीविरुद्ध झटणाऱ्या राष्ट्रीय समितीसाठीं ते १९०८ पासून गिरण्या, खाणी आणि काचेचे कारखाने धुंडाळीत होते. येथें मालकाची अनुमति मिळण्याची आशाच नव्हती. कधीं बायबल विकणारा, कधीं विम्याचा एजंट अशा मिषानें ते आंत शिरत. मुलाची उंची आपल्या कोटाच्या गुंड्यांवरून अजमावीत आणि खिशांतल्या खिशांत टिपण करीत.

हें काम पुराव्याचें, कलेचें नव्हे, असा आक्षेप येईल. तो आम्हांस मान्य नाहीं. कॅरोलायनांतील एका सूतगिरणीचें हाइन यांचें चित्र पाहावें. चात्यांची रांग दूर क्षितिजापर्यंत जावी तशी निमुळती होत जाते. यंत्राचें सौंदर्य येथेंहि आहे. तथापि दृष्टि परत परत वळते ती त्या रांगेशीं उभ्या असलेल्या चिमुकल्या मुलीकडे. येथें रचनेनेंच माणसाकडे बोट दाखविलें आहे. मग तीस कला कां म्हणूं नये? अशा चित्रांनींच कायदा घडविला, असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. १९१६ चा कायदा १९१८ सालीं न्यायालयांत टिकला नाहीं आणि टिकाऊ कायदा व्हावयास १९३८ साल उजाडलें. परंतु त्या दीर्घ झगड्यांत हीं चित्रें साक्षीदार म्हणून उभीं राहिलीं, हें थोडें नव्हे.

बर्क-व्हाइट बाईंचें साहस आम्ही कमी लेखीत नाहीं. परंतु त्यांनीं जिंकलेली अडचण शास्त्राच्या प्रगतीनें आज उरलेली नाहीं; आजचा कॅमेरा अंधुक उजेडांतहि पाहतो. अनुमतीची अडचण मात्र जशीच्या तशीच आहे. म्हणून कारखान्याच्या चित्राची किंमत तें किती कष्टानें घेतलें यावरून ठरवूं नये; तेवढ्या कष्टानें आणलेला उजेड कोणावर पाडला, हें पाहावें. या कसोटीस हाइन यांचीं चित्रें अधिक उतरतात, असें आमचें स्पष्ट मत आहे.