कल्पित राष्ट्र आणि खेळाची संहिता

कल्पित राष्ट्र रचून त्यात राजकीय पक्ष चालवण्याचा खेळ हा समीक्षेचा विषय होऊ शकतो काय, हा प्रश्न प्रथमदर्शनी अप्रस्तुत वाटेल. परंतु या खेळात पात्रे आहेत, संघर्ष आहे, स्वतंत्र स्थलकाल आहे. नाही तो फक्त लेखक. त्याच्या जागी नियम आहेत. मतदार कशाने दुरावतो, जागा कशा मोजायच्या, तिजोरीतून किती खर्च करता येतो, हे ठरवणारी नियमावली हीच येथील संहिता होय. तिचे वाचनही संहितेसारखेच व्हायला हवे.

मराठी रंगभूमीला कल्पित राज्य अपरिचित नाही. वसंत सबनीस यांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या लोकनाट्यातील राजा, कोतवाल आणि हवालदार यांचे राज्य कोणत्याही नकाशावर सापडत नाही. विजय तेंडुलकर यांच्या ‘दंबद्वीपचा मुकाबला’ या नाटकात राजा विचित्रवीर्याच्या मृत्यूनंतर परस्परांवर अविश्वास असलेले मंत्री राजकन्या विजयेला गादीवर बसवतात. बाहुली ठरेल असे गृहीत धरलेली ही राणी कदंबांसाठीच्या योजनेवरून मंत्र्यांशीच मुकाबला करते. दोन्हीकडे कल्पित राज्य हे रूपक आहे. प्रेक्षक त्यामागचे वास्तव ओळखतो, आणि ओळखणारा म्हणून स्वतः नामानिराळा राहतो. खेळणाऱ्याला ही सोय नसते. निर्णय त्याचा असतो, आणि परिणामही त्याच्याच पदरी येतो.

अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात हॅरल्ड गेट्झको यांनी १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात कल्पित राष्ट्रांचे असे अभिरूप अभ्यासाचे साधन म्हणून विकसित केले. आपल्याकडे १९६०च्या दशकात केंद्र शासनाच्या संसदीय कार्य विभागाने शाळांसाठी युवक संसद सुरू केली. तिच्यात प्रश्नोत्तरांचा तास असतो, विधेयक असते, सभात्यागही असतो. मात्र सत्ताधारी कोण आणि विरोधक कोण, हे आधीच ठरलेले असते. ती कार्यपद्धती शिकवते. निवडीची किंमत शिकवत नाही.

ही किंमत नियमावलीत कितपत उतरते, याची कसोटी इचलकरंजीसारख्या गावावर घेता येईल. यंत्रमागांच्या या शहराशेजारून पंचगंगा वाहते, पण ती प्रदूषित आहे. म्हणून वारणेवरून दानोळीहून पाणी आणण्याची योजना पुढे आली. तिला नदीकाठच्या गावांनी विरोध केला. त्यानंतर दूधगंगेवरील सुळकूडचा पर्याय आला. तेथेही विरोध उभा राहिला. आता अशा शहराचा आणि अशा दोन खोऱ्यांचा एक कल्पित जिल्हा करावा आणि त्यात पक्ष चालवावा. यंत्रमागधारक आणि कामगार मजुरीवरून भांडतील, पाण्याबाबत मात्र एकत्र येतील. खोऱ्यातील शेतकरी त्याच पक्षाचा सभासद असूनही त्यांच्या विरोधात उभा राहील.

अँथनी डाउन्स यांनी १९५७ मध्ये मांडलेल्या सिद्धांतात पक्ष हा एकजिनसी संघ मानला आहे. डाव्या-उजव्या रेषेवर तो एका बिंदूवर उभा असतो, आणि मतदार आपल्याला जवळचा बिंदू निवडतो. अनेक पक्षखेळांची नियमावली कळत-नकळत याच गृहीतकावर उभी असते. या रेषेवर नदीला जागा नाही. एकाच पक्षाची शहर शाखा आणि तालुका शाखा समोरासमोर येते तेव्हा असा खेळ निरुत्तर होतो, कारण त्याच्या लेखी पक्ष म्हणजे एकच खेळाडू. राष्ट्र कल्पित आहे हा येथे दोष नव्हे. नियमांनी पक्षांतर्गत संघर्ष उच्चारण्याची शक्यताच ठेवलेली नाही, हा दोष आहे. कल्पिताच्या नावाखाली जातही याच वाटेने वगळली जाते, आणि या वगळण्यालाच तटस्थता म्हटले जाते.

तरीही या प्रकाराला एक लाभ आहे, जो छापील नाटकाला सहसा मिळत नाही. त्याची संहिता खेळणाऱ्यांसमोर उघडी असते आणि डावांच्या मध्ये बदलता येते. तालुका शाखेला नेत्याविरुद्ध मत देण्याचा अधिकार असावा काय, यावर खेळणारे वाद घालू लागतात, तेव्हा ते डाव जिंकण्यापलीकडे जाऊन पक्ष म्हणजे काय हेच विचारत असतात.