जोराची जागा

कलाकृतीविषयी बोलावे, तिच्या हत्यारांविषयी बोलू नये, असा एक संकेत आपल्या समीक्षेत रूढ आहे. चित्रावर लिहिणारा कुंचल्याच्या केसांची चौकशी करीत नाही आणि कवितेवर लिहिणारा कवीच्या टाकाची करीत नाही. संकेत वाईट नाही. त्यामुळे पुष्कळ फापटपसारा टळतो. परंतु काही कला अशा आहेत की तेथे हत्यार संपले कोठे आणि आशय सुरू झाला कोठे, ही रेघ ओढताच येत नाही. विजेवर चालणारी गिटार ही त्यांपैकी एक. तिच्या तारेचा नाद आपण प्रत्यक्ष कधी ऐकतच नाही. तारेखालच्या लोहचुंबकाभोवती बारीक तारेचे वेटोळे असते. तार हलली की त्यात क्षीण विद्युत्प्रवाह उठतो, तो अँप्लिफायरमध्ये जातो, मोठा होतो आणि कर्ण्यातून बाहेर पडतो. आपण ऐकतो तो या सगळ्या प्रवासाचा परिणाम. त्या प्रवासाविषयी बोलायचेच नाही म्हटले, तर या वाद्याची समीक्षा ‘फार छान वाजवले’ एवढ्यावरच थांबेल.

या प्रवासात वाटेवर बसवलेली एक लहानशी डबी हा आजच्या लेखाचा विषय आहे. वाजवणारे तिला बूस्ट पेडल म्हणतात. गिटारकडून आलेला क्षीण प्रवाह घ्यायचा आणि अधिक जोराचा करून पुढे द्यायचा, एवढेच तिचे काम. काम इतके साधे की त्यात कलेचा प्रश्न कसला, असे कुणालाही वाटेल. विजेच्या गिटारीविषयी आपल्याकडे जो तिरस्कार अधूनमधून ऐकू येतो, त्याचे मूळही या समजुतीतच आहे: गाता येत नाही तो ओरडतो, आणि ज्याला ओरडताही येत नाही तो यंत्राकडून ओरडून घेतो. हा आक्षेप टाकाऊ नाही. त्याला उत्तर द्यायचे तर आधी ही डबी खरोखर काय करते ते पाहिले पाहिजे.

थोडे गणित करू. अशा डबीने प्रवाहाचा दाब दहापट केला, म्हणजे तंत्रज्ञांच्या भाषेत वीस डेसिबल वाढवला, असे समजा. दाब दहापट झाला की शक्ती शंभरपट व्हावी लागते. अँप्लिफायर आधीच आपल्या तीस वॅटच्या कडेवर उभा असेल, तर त्याने तीन हजार वॅट कोठून आणावेत? तो आणू शकत नाही. मग ओतलेला जोर जातो कोठे? तो लाटेच्या आकारात जातो. नादलाटेचा माथा वर चढू पाहतो, अँप्लिफायरचे छप्पर त्याला अडवते आणि माथा सपाट होतो. गोल लाट अशी चपटली की तिच्यातून मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे नवे उपस्वर उमटतात. स्वर फारसा मोठा होत नाही. तो दाट होतो, त्याला कड येते, आणि तो लवकर विझत नाही, कारण तार मंदावत आली तरी तिची लाट बराच वेळ छपराला टेकलेलीच राहते.

म्हणजे येथे परिमाणाचे रूपांतर गुणात होते. ही गोष्ट आपल्या कानाला परकी वाटू नये. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवून जवारी लावतात, तेव्हा तंबोरा मोठ्याने वाजू लागतो म्हणून नव्हे, तर एका तारेतून अनेक स्वर फुलू लागतात म्हणून आपण माना डोलावतो. मिरजेचा कारागीर जे घोडीच्या पृष्ठभागाला कानस लावून साधतो, ते या वाद्यात विजेच्या वाटेवर साधले जाते. साधन वेगळे आहे, शास्त्रही वेगळे आहे. पण नादाला श्रीमंती देण्याची भूक एकच आहे.

परंतु भूक तीच असली तरी पोट बिघडू शकते. एकाच वेळी दोन तारा वाजत असल्या आणि लाटेचे माथे चपटले, तर त्या दोन स्वरांच्या कंपनांच्या बेरजा-वजाबाक्यांचेही स्वर निर्माण होतात, आणि त्यांचे मूळ स्वरांशी नाते असेलच असे नाही. खर्जाच्या तारांच्या लाटा मोठ्या असतात. त्या छपराला आधी भिडतात आणि बाकीच्यांना गुदमरवतात. सगळा नाद गढूळ होतो. नुसता जोर वाढवणे हे म्हणूनच कलेचे काम नव्हे. कशाचा जोर वाढवायचा आणि कशाचा नाही, हे ठरवण्यापाशी कला सुरू होते.

इंग्लंडमध्ये १९६० नंतरच्या दशकाच्या मध्यावर डॅलस कंपनीने रेंजमास्टर नावाची एक डबी विकायला काढली. तिच्यात जर्मेनियमचा एकच ट्रान्झिस्टर, नऊ व्होल्टची एक बॅटरी, एक खुंटी आणि बाकी हातांच्या बोटांवर मोजता येतील इतके भाग. ती पायाखाली ठेवायची नसून अँप्लिफायरच्या डोक्यावर ठेवायची होती. तिचा हेतूही अगदी किरकोळ होता: त्या काळचे ब्रिटिश अँप्लिफायर काहीसे मंद वाजत, त्यांना उजळपणा द्यायचा. तिच्या तोंडाशी बसवलेला कंडेन्सर मुद्दाम लहान ठेवलेला होता. त्यातून वरचे स्वर सहज जात आणि खर्ज बराचसा मागे राही. म्हणून तिला ट्रेबल बूस्टर म्हणत.

आता गंमत अशी की, ज्या गढूळपणाचे भय वर सांगितले त्यावरचा उपाय या कंडेन्सरमध्ये आयताच तयार होता. खर्ज आधीच आवरून घेतला आणि मग उरलेला नाद दहापट जोराने अँप्लिफायरवर सोडला, तर लाटा चपटतात पण एकमेकींना गुदमरवत नाहीत. चपटल्यामुळे जो कर्कशपणा यावा, तो कर्णाच आवरतो. गिटारचा बारा इंची कर्णा पाच हजार कंपनांच्या वरचे फारसे काही बाहेर पडू देत नाही. उजेडासाठी केलेली खिडकी अशी वाऱ्यासाठी उपयोगी पडली. तिचे मोल बनवणाऱ्यांच्या आधी वाजवणाऱ्यांनी ओळखले.

त्यांपैकी तिघांना शेजारी शेजारी ऐकावे. साधन एक आणि नाद तीन, असा प्रसंग समीक्षकाच्या वाट्याला क्वचितच येतो.

पहिला रोरी गॅलाघर. आयर्लंडच्या कॉर्क शहरातला हा मुलगा १९६३ साली एक जुनी स्ट्रॅटोकास्टर घेतो आणि तिचा रंग उडून लाकूड उघडे पडले तरी जन्मभर सोडत नाही. ‘टेस्ट’ या त्याच्या त्रयीत गिटार एकच. बाकी बास आणि ड्रम. ऑगस्ट १९७० मध्ये आयल ऑफ वाइटच्या महोत्सवात ही त्रयी वाजली, त्याचे मुद्रण उपलब्ध आहे. व्हॉक्स एसी-३० आणि रेंजमास्टर ही त्याची त्या काळची जोडी. ऐकताना लक्षात येते की या माणसाचा जोर सारखा चालू असूनही सारखा नाही. गिटारवरची आवाजाची खुंटी तो करंगळीने किंचित मागे घेतो, तसा नाद स्वच्छ आणि टणक होतो. पुन्हा पुढे केली की पेट घेतो. बोट जोरात पडले की स्वर खरखरतो, हलके पडले की उमलतो. डबी येथे हाताचे काम हिरावून घेत नाही, उलट हाताचा बारीकसारीक फरक मोठा करून दाखवते. यंत्राकडून ओरडून घेण्याच्या आक्षेपाला याहून सरळ उत्तर नाही. ज्या यंत्रात हाताचा अपराध लपत नाही, ते यंत्र आळशाचे नव्हे.

दुसरा टोनी आयोमी. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात सतरा वर्षांचा असताना यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके गेली. तो डावखुरा वाजवणारा, म्हणजे तारा दाबण्याचाच हात अधू झाला. त्याने वितळवलेल्या प्लॅस्टिकच्या टोप्या करून बोटांवर चढवल्या आणि गिटारला हलक्या, बारीक तारा लावल्या. १९७० च्या फेब्रुवारीत निघालेली ‘ब्लॅक सॅबथ’ ही त्यांची पहिली तबकडी ऐकताना हे सारे ठाऊक असावे असे नाही. पण ठाऊक असले तर एक गोष्ट उमगते. या नादाचे वजन बोटांनी दिलेले नाही. बोटे ते देऊच शकत नव्हती. लॅनीच्या अँप्लिफायरपुढे लावलेल्या, कुणा तंत्रज्ञाकडून बदल करून घेतलेल्या रेंजमास्टरने ते वजन दिले. तबकडीच्या नावाच्याच गीतात तीन स्वरांची एक ओळ आहे. तिच्यातला तिसरा स्वर पहिल्याशी तीव्र मध्यमाचे नाते ठेवतो आणि विझता विझत नाही. ही ओळ बिनजोराच्या गिटारवर वाजवून पाहावी. ती केवळ विचित्र वाटते. तिच्यातली भीती त्या न विझण्यात आहे. येथे डबी अलंकार नाही, आशयच आहे.

तिसरा ब्रायन मे. लंडनच्या मार्की क्लबात गॅलाघरचा कार्यक्रम संपल्यावर हा तरुण मागे थांबून राहिला आणि त्याने नादाचे रहस्य विचारले; गॅलाघरने एसी-३० कडे आणि त्या डबीकडे बोट दाखवले. मनात काही न ठेवता दिलेली ही विद्या पुढे ‘क्वीन’ या चमूच्या कामी आली. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला फारोख बलसारा, म्हणजेच फ्रेडी मर्क्युरी, हा त्याच चमूचा गायक, हे आपल्या वाचकांस ठाऊक असेलच. मे याची गिटार त्याने आणि त्याच्या वडिलांनी १९६३ पासून घरी घडवलेली, तिच्या दांड्याचे लाकूड एका जुन्या शेकोटीच्या चौकटीचे. तो नखीऐवजी सहा पेन्सांचे नाणे वापरतो. नाण्याची दातेरी कड तारेवर घासते, तो कणीदार आघात ट्रेबल बूस्टर नेमका उचलतो, आणि त्यामागून येणारा स्वर मात्र गळ्यातून निघाल्यासारखा लांबत राहतो. १९७५ च्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’मधील त्याचा एकल भाग ऐका. गायकाने जेथे श्वास सोडला तेथून गिटार तो श्वास उचलते. त्याच वर्षीच्या ‘गुड कंपनी’त त्याच मार्गाने, जॉन डीकनने टाकून दिलेल्या एका मंडलातून जुळवलेल्या चिमुकल्या अँप्लिफायरवर, तो जॅझच्या अख्ख्या वाद्यवृंदाचा भास उभा करतो. जोराची डबी येथे चक्क कुजबुजीसाठी वापरली आहे.

मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल या लयीच्या तत्त्वांवर सौंदर्याची मांडणी केली. ती या तिघांना लावून पाहिली तर गॅलाघरमध्ये विरोध, मे याच्यात संवाद आणि आयोमीत एक भयाण समतोल हाती लागतो असे म्हणता येईल. पण मला येथे सिद्धान्तापेक्षा एक साधी गोष्ट महत्त्वाची वाटते. तिघांनीही डबी अँप्लिफायरच्या आधी ठेवली, आणि अँप्लिफायर आधीच कडेला आणून ठेवला होता. जोर कोठे लावला याला जितके महत्त्व आहे तितके जोर किती लावला याला नाही.

पुष्कळ वाजवणारे नेमके येथेच घसरतात. एकल भाग आला की डबीवर पाय द्यायचा, म्हणजे आपण इतरांच्या वर ऐकू येऊ, अशी त्यांची अपेक्षा असते. अँप्लिफायर आधीच काठोकाठ भरलेला असेल तर आवाज वाढत नाही. नाद नुसता जाडसर होतो आणि बिचाऱ्याचा एकल भाग ड्रमच्या गलबल्यात बुडून जातो. त्याला खरोखर मोठे व्हायचे असेल तर तीच डबी नाद चपटण्याच्या जागेनंतर, म्हणजे अँप्लिफायरच्या पहिल्या टप्प्यामागे जी वाट ठेवलेली असते तेथे, लावायला हवी. तेथे ती फक्त मोठेपणा देते, पोत बदलत नाही. पुढे लावली तर पोत, मागे लावली तर मोठेपणा. शाळेच्या फळ्यावर लिहून ठेवावे इतके हे सोपे आहे, आणि तरीही बाजारात नव्या नव्या डब्या खपत राहतात, कारण जागा बदलण्यापेक्षा वस्तू विकत घेणे माणसाला नेहमीच सोपे वाटते.

याच वृत्तीचे दुसरे टोक संग्राहकांत दिसते. मूळ रेंजमास्टरला आणि त्यातल्या ओसी-४४ या ट्रान्झिस्टरला आज देव्हाऱ्यात बसवले जाते. जर्मेनियमचा ट्रान्झिस्टर उष्णतेने बिघडतो, एक दुसऱ्यासारखा असत नाही, म्हणून चांगला मिळाला तर आनंद मानावा हे ठीक. पण न्यूयॉर्कच्या इलेक्ट्रो-हार्मोनिक्सने त्या दशकाच्या अखेरीस काढलेली एलपीबी-वन ही सिलिकॉनची साधी बूस्टर डबीही एकाच ट्रान्झिस्टरवर चालते, आणि जाणत्या हाती तिनेही उत्तम काम दिले आहे. मे यानेही जन्मभर मूळ डबीचाच हट्ट धरला नाही; पुढे पीट कॉर्निशने बनवलेले बूस्टर त्याने वापरले, आणि नाद त्याचाच राहिला. तबकडीत जे ऐकू येते ते दुर्मिळ धातूचे पुण्य नव्हे.

उलट, नाद सगळा बोटांतच असतो, यंत्रे गौण, असे म्हणणारे शुद्धतावादीही मला अर्धेच बरोबर वाटतात. आयोमीचे उदाहरण त्यांच्या गळी उतरत नाही. बोटेच गेली तेव्हा नाद कोठून आला, याचे उत्तर त्यांनी द्यावे.

गद्य लिहिणाऱ्याने या सगळ्यातून स्वतःपुरते काही उचलायला हरकत नाही. आमच्याकडेही बूस्टर आहेत: उद्गारचिन्हे, दुहेरी विशेषणे, प्रकरणाच्या शेवटी येणारे मरण. नवशिका लेखक ते आधीच भरून वाहणाऱ्या परिच्छेदावर ओततो आणि प्रसंग मोठा का होत नाही म्हणून आणखी ओततो. त्याला कुणी सांगत नाही की जोर देण्याआधी खर्ज थोडा काढून घ्यावा लागतो. ज्या भावना आपल्या वजनाने बाकीच्यांना गुदमरवतील त्या वाटेवरच अडवाव्या लागतात. त्यानंतर दिलेला जोर ओरडा होत नाही, तो पोत होतो. एका ट्रान्झिस्टरच्या त्या करड्या डबीने हे नियम म्हणून सांगितले नाही. तिच्या तोंडाशी एक लहान कंडेन्सर होता, एवढेच. लेखकाला तो स्वतःच बसवावा लागतो.