तक्ता उलटा वाचता येत नाही

शालेय विज्ञानाच्या पुस्तकांत जीवनसत्त्वांचा तक्ता हमखास असतो. डाव्या रकान्यात जीवनसत्त्व, मधल्यात ते ज्यातून मिळते ते अन्नपदार्थ आणि उजव्या रकान्यात त्याच्या अभावी होणारा विकार. अ म्हणजे रातांधळेपणा, क म्हणजे स्कर्व्ही, ब-१ म्हणजे बेरीबेरी. जोड्या लावायला तक्ता सोयीचा, म्हणून मुले तो पाठ करतात. पुढे मोठेपणी औषधाच्या दुकानात उभे राहून हाच तक्ता आपण उजवीकडून डावीकडे वाचतो. तळपाय जळजळतात, पायांना मुंग्या येतात, म्हणजे 'बी-कॉम्प्लेक्स' कमी पडले असणार! दुकानदार न विचारता गोळ्या पुढे करतो. वेष्टणावर मज्जातंतूंचे पोषण होते अशा अर्थाचा मजकूर असतोच. या मजकुरात खोटे असे फारसे नसते. खोट आहे ती तर्कात, आणि त्या तर्काची सवय आपला तक्ता लावतो, असे माझे म्हणणे आहे.

आधी एका शब्दाचा घोळ निस्तरला पाहिजे. 'नस' हा शब्द आपण रक्तवाहिनीलाही वापरतो, स्नायूच्या शिरेलाही आणि मज्जातंतूलाही. त्यामुळे 'नस दुखते' या तक्रारीत तीन वेगळ्या गोष्टी एकाच गाठोड्यात बांधल्या जातात. येथे विषय आहे तो मज्जातंतूंच्या इजेमुळे होणाऱ्या, महिनोन्‌महिने चालणाऱ्या वेदनेचा.

ही वेदना बहुधा पायाच्या बोटांपासूनच का सुरू होते? पायाच्या संवेदना वाहून नेणाऱ्या मज्जापेशीचा मुख्य भाग कण्याजवळ असतो आणि तिचा तंतू थेट बोटापर्यंत, म्हणजे जवळजवळ एक मीटर लांब जातो. तंतूला लागणारी प्रथिने पेशीच्या मुख्य भागात तयार होतात व तेथून टोकापर्यंत वाहून न्यावी लागतात. उत्पादनात किंवा वाहतुकीत कोठेही बिघाड झाला की सर्वांत लांबच्या टोकाला झळ आधी पोहोचते. मधुमेहात हेच होते, दीर्घकाळच्या मद्यपानात हेच होते, कर्करोगावरील काही औषधांनी हेच होते आणि ब-१ किंवा ब-१२ च्या अभावानेही हेच होते. कारणे अनेक, तक्रार एकच. म्हणून तक्त्यातला बाण डावीकडून उजवीकडे जातो, पण त्याच वाटेने परत येत नाही.

बाणाची पहिली दिशा तरी कशी सापडली, हे तक्ता सांगत नाही. ती कथा बटेव्हियातली, म्हणजे आजच्या जाकार्तातली. १८९० च्या सुमारास डच डॉक्टर ख्रिस्तियान आइकमान यांच्या प्रयोगशाळेतील कोंबड्यांचे पाय लुळे पडू लागले. बेरीबेरीच्या रुग्णांसारखेच त्यांचे मज्जातंतू बिघडले होते. मग काही दिवसांनी कोंबड्या आपोआप बऱ्या झाल्या. चौकशी केल्यावर कळले, की मधल्या काळात त्यांना लष्करी रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातला पॉलिश केलेला भात घालत असत. नवा आचारी आला, त्याने लष्कराचा भात कोंबड्यांना द्यायला नकार दिला आणि त्यांच्या वाट्याला साधा, कोंड्यासहित तांदूळ आला. आइकमान तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी दोन्ही प्रकारचे तांदूळ मुद्दाम खाऊ घालून पाहिले. त्यांचे सहकारी फोर्डरमान यांनी जावातील शंभरएक तुरुंगांची पाहणी केली, तेव्हा पॉलिशचा तांदूळ देणाऱ्या तुरुंगांत बेरीबेरीचे प्रमाण कितीतरी जास्त आढळले. गंमत अशी, की आइकमान यांचे स्वतःचे स्पष्टीकरण चुकीचे होते. भातात विष असते आणि कोंड्यात उतारा, असे ते मानत. कोंड्यात एक आवश्यक द्रव्य असते हे १९०१ मध्ये गेरिट ग्रेन्स यांनी मांडले, आणि १९२६ मध्ये यान्सन व डोनाथ यांनी ते स्फटिकरूपात वेगळे केले. म्हणजे स्पष्टीकरण चुकले, तरी तुलना टिकली.

नेमकी हीच तुलना आजच्या गोळ्यांबाबत मागितली, की उत्तर बेताचेच मिळते. मज्जातंतूंच्या विकारांवर ब-जीवनसत्त्वे देऊन केलेल्या चाचण्यांचा एक आढावा कोक्रेन या संघटनेने २००८ मध्ये प्रसिद्ध केला. १३ चाचण्या आणि एकूण ७४१ रुग्ण एवढीच सामग्री हाती लागली. फायदा होतो की नाही हे ठरवायला ती अपुरी आहे, असा निष्कर्ष निघाला. इतक्या वर्षांच्या खपानंतर पुराव्याची ही अवस्था! दीर्घकालीन वेदनांवर ड जीवनसत्त्व देण्याबाबतही कोक्रेनच्या आढाव्यात मोठा फायदा दिसलेला नाही.

'पण मला तर बरे वाटले' असे सांगणारे पुष्कळ भेटतात, आणि ते खोटे बोलत नाहीत. जुनाट वेदना चढउतार करत असते. ती शिगेला पोहोचते तेव्हाच आपण दुकान गाठतो, त्यामुळे त्यानंतरचा आठवडा बहुधा थोडा बराच जातो. शिवाय गोळी घेतल्यावर लघवी गर्द पिवळी होते, आणि औषध 'लागू पडल्याची' जणू पावतीच मिळते. प्रत्यक्षात तो रंग ब-२ म्हणजे रिबोफ्लेविनचा. शरीराने नको म्हणून बाहेर टाकलेला माल तो.

आता दुसरी बाजू, कारण ब-१२ चा अभाव ही आपल्याकडे खरीखुरी गोष्ट आहे. हे जीवनसत्त्व वनस्पती बनवत नाहीत, प्राणीही बनवत नाहीत. ते फक्त काही सूक्ष्मजीव बनवतात. आपल्याला ते मांस, मासे, अंडी व दूध यांतून मिळते. दूधही बेताचेच घेणाऱ्या शाकाहारी माणसाला ते कमी पडणे स्वाभाविक आहे. रोजची गरज सुमारे २ मायक्रोग्रॅम. यकृतात मात्र दोनतीन मिलिग्रॅमचा साठा असतो, म्हणून तुटवडा जाणवायला काही वर्षे लागतात. मधुमेहावर मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांत ब-१२ चे शोषण कमी होते, आणि अशा रुग्णाच्या पायांच्या मुंग्या मधुमेहाच्या खाती टाकून मोकळे होण्याचा मोह असतो. हा अभाव मज्जारज्जूलाही इजा करतो. अंधारात तोल जाऊ लागतो, डोळे मिटून उभे राहता येत नाही. येथे जीवनसत्त्व हेच औषध, आणि उशीर झाला तर इजा कायमची राहू शकते. क्षयरोगावरील आयसोनियाझिडमुळे ब-६ कमी पडते, तेथेही ते सोबत देण्याला भक्कम आधार आहे.

मग तपासणी न करता सर्वांनाच गोळी दिली तर बिघडले कुठे? तीन ठिकाणी बिघडते.

एक म्हणजे ब-६ स्वतःच मज्जातंतूंना इजा करते. १९८३ मध्ये अमेरिकेतील सात रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. रोज २ ते ६ ग्रॅम ब-६ घेतल्याने त्यांच्या हातापायांची संवेदना गेली होती. पुढे याहून खूपच कमी मात्रेनेही त्रास झाल्याच्या नोंदी आल्या. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने प्रौढांसाठी रोजची कमाल मर्यादा २०२३ मध्ये २५ वरून १२ मिलिग्रॅमवर आणली. बाजारात १०० मिलिग्रॅमच्याही गोळ्या असतात. मुंग्यांसाठी गोळी घ्यावी, गोळीने मुंग्या वाढाव्यात आणि म्हणून दुसरी गोळी सुरू करावी, असे चक्र यातून सुरू होऊ शकते.

दुसरी गोष्ट मुंबईशी जोडलेली आहे. १९२८ मध्ये ल्युसी विल्स ही इंग्लिश संशोधिका गिरणी कामगारांतील गरोदर स्त्रियांच्या पंडुरोगाचा अभ्यास करायला मुंबईला आली. यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, असे तिने १९३१ मध्ये दाखवले. त्यातले द्रव्य म्हणजे फॉलिक आम्ल. पुढे १९४० च्या दशकात ते ब-१२ च्या अभावाच्या रुग्णांना देऊन पाहिले, तेव्हा रक्त सुधारले पण मज्जातंतू बिघडतच राहिले. रक्ताच्या अहवालातली धोक्याची खूण तेवढी पुसली गेली. म्हणून ब-१२ ची खात्री न करता नुसते फॉलिक आम्ल घेणे धोक्याचे. आणि आधी ब-१२ ची गोळी घेऊन मग रक्त तपासले, तर आकडा वाढलेला दिसतो व मूळ स्थिती कळत नाही.

तिसरे सर्वांत गंभीर. गोळ्यांच्या भरवशावर गेलेले महिने दुसऱ्या रोगाच्या पथ्यावर पडतात. न ओळखलेला मधुमेह असेल, किंवा कुष्ठरोग. वर्गातल्या मुलाच्या अंगावर फिकट चट्टा असेल आणि तेथे स्पर्श कळत नसेल, तर त्याला शक्तीच्या गोळ्या नकोत. त्याला सरकारी आरोग्य केंद्रात पाठवायला हवे. कुष्ठरोगावरील बहुविध औषधोपचार तेथे मोफत मिळतो, आणि वेळेत सुरू झाला तर विकृती टळते.

वर्गात एक गणित करून घेता येईल. तुटलेला तंतू पुन्हा वाढतो तो साधारण दिवसाला एक मिलिमीटर. गुडघ्यापासून बोटांपर्यंतचे अंतर मुलांनी आपापल्या पायावर टेपने मोजावे, दिवस काढावेत, आणि दहा गोळ्यांच्या पाकिटाशी ताडून पाहावेत. दुसरे गणित शोषणाचे. जठरातून स्रवणाऱ्या एका प्रथिनाच्या मदतीने ब-१२ एका वेळी दीड-दोन मायक्रोग्रॅमच शोषले जाते. उरलेल्यातले जेमतेम एक टक्का नुसते झिरपून आत जाते. १५०० मायक्रोग्रॅमच्या गोळीतले किती कामी आले, ते मुले चटकन सांगतील. ज्याचे ते प्रथिनच तयार होत नाही, त्याला मात्र तो एक टक्काच तारतो, हेही सांगावे. आणि तक्त्याला चौथा रकाना जोडून त्यात 'हाच त्रास आणखी कशाने होतो?' असे लिहावे. बेरीबेरी आणि ब-१२ यांच्या ओळींत तो पुरणार नाही, तेव्हा जागा रुंदच सोडलेली बरी.