अप्रस्तुताचे प्रामाण्य

चौकशी आयोगांची कागदपत्रे वाङ्मय म्हणून वाचण्याची प्रथा नाही. तथापि, अशा संग्रहांत एक भाग असा असतो की, त्याचा उलगडा न्यायशास्त्रापेक्षा साहित्यशास्त्रालाच अधिक चांगला करता यावा. तो म्हणजे सकृद्दर्शनी अप्रस्तुत वाटणारा मजकूर.

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या १९६३ मधील हत्येची चौकशी करणाऱ्या वॉरन आयोगाने १९६४ च्या सप्टेंबरात ८८८ पृष्ठांचा अहवाल सादर केला आणि नोव्हेंबरात साक्षी व पुरावे यांचे २६ खंड प्रसिद्ध झाले. आरोपी ऑस्वाल्ड याला गोळी घालणाऱ्या जॅक रूबीच्या आईच्या दातांचा १९३८ सालचा तक्ता या खंडांत पुराव्याचा क्रमांक मिळवून बसला आहे. ती बाई १९४४ मध्येच निवर्तली होती. तिच्या दाढांचा डॅलसच्या रस्त्याशी संबंध काय, असे वाचक विचारतो आणि थबकतो.

संस्कृत अलंकारशास्त्रात अप्रस्तुतप्रशंसा नावाचा एक अलंकार आहे. त्यात कवी वर्णन अप्रस्तुताचे करतो आणि त्यातून प्रस्तुत सूचित होते. या खंडांचा वाचक नकळत याच अलंकाराची अपेक्षा बाळगतो. इतके क्षुल्लक छापले, त्या अर्थी त्यात काहीतरी दडलेले असले पाहिजे, असे त्याला वाटते. परंतु अप्रस्तुतप्रशंसेला कवी लागतो. सूचित करण्याची इच्छा असलेले एक मन लागते. दप्तराला असे मन नसते. कोणता प्रश्न महत्त्वाचा ठरेल हे चौकशीच्या आरंभी ठाऊक नसते, म्हणून हाती लागेल ते गोळा होते. ध्वनी नसलेल्या ठिकाणी ध्वनी ऐकणे, हे कटाच्या अनेक उपपत्तींचे मूळ आहे.

रोलाँ बार्थ यांनी १९६८ मधील एका निबंधात फ्लोबेरच्या कथेतील वायुभारमापकाची चर्चा केली आहे. कथानकाला निरुपयोगी असलेला तो तपशील वास्तवाचा आभास निर्माण करतो, असे त्यांचे प्रतिपादन. दप्तरातील तपशिलाची गोष्ट नेमकी उलट आहे. तेथे आभासाची गरजच नाही. तो दंततक्ता खरोखरच एका आजारी, दरिद्री स्थलांतरित स्त्रीचा आहे. कादंबरीकार निरुपयोगी वस्तू निवडतो. शासन ती केवळ वगळत नाही. या न वगळण्याची किंमत तिला विचारल्यावाचून तिच्याकडून वसूल झाली आहे.

डॉन डिलिलो यांच्या १९८८ च्या ‘लिब्रा’ या कादंबरीत या पेचाची जाण दिसते. तिच्यातील निकोलस ब्रँच हा निवृत्त गुप्तहेर-अभ्यासक कागदांनी भरलेल्या खोलीत बसून हत्येचा गुप्त इतिहास लिहू पाहतो आणि ते काम संपत नाही. डिलिलो यांनी कथानकासाठी स्वतः एक कट रचला. पण ब्रँचच्या खोलीत त्या कटाला पूर्णविराम दिला नाही. कल्पिताची सुबकता आणि दप्तराची विस्कळीतता यांना शेजारी ठेवणे, हे या कादंबरीचे खरे यश होय.

मग अप्रस्तुत गाळावे काय? गाळण्याचा अधिकार ज्याच्या हाती, त्याला प्रस्तुतही गाळता येते. म्हणून हा उपाय रोगाहून घातक ठरेल. दोष विपुलतेचा नाही, अव्यवस्थेचा आहे. त्या २६ खंडांना विषयसूचीच नव्हती. ती सिल्व्हिया मीगर या एका खाजगी अभ्यासक स्त्रीने स्वतः तयार केली आणि १९६६ मध्ये ती प्रसिद्ध झाली. सूची करणे म्हणजे प्रत्येक कागदाला त्याची जागा देणे. त्यामुळे तो कागद शोधणाऱ्याला सापडतो आणि त्यात नसलेला अर्थ त्याच्यावर लादला जाण्याचे भय कमी होते. जे उघड केले पण शोधता येत नाही, ते अर्धेच उघड झालेले असते.

साहित्यसमीक्षेने या क्षेत्रात द्यावयाचा धडा एवढाच की, प्रत्येक तपशील सूचक नसतो. आणि जो सूचक नाही, तोही कोणाच्या तरी आयुष्याचा असतो. त्या दंततक्त्यातून हत्येचे रहस्य उलगडत नाही. एका स्त्रीचे दात दुखत होते, एवढेच फार तर त्यावरून समजते; आणि तेवढेच समजून घेऊन पान उलटणे, हे वाचकाच्या विवेकाचे लक्षण होय.