भूकमळाचे नाव

डोंगरावरील प्रवचनात प्रभू येशूने चिंतेने ग्रासलेल्या शिष्यांचे लक्ष रानातल्या फुलांकडे वेधले. मराठी बायबलच्या प्रचलित भाषांतरात त्या फुलांना ‘भूकमळे’ म्हटले आहे. हा शब्द आपल्या वाचनांत आणि प्रवचनांत इतका रुळला आहे, की भूकमळ म्हणजे नेमके कोणते फूल, असा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. वणीच्या बाजारात तो विचारून पाहावा. झेंडू मिळेल, शेवंती मिळेल. भूकमळ मिळणार नाही. भाषांतरकारांची अडचण खरी होती. मूळ ग्रीक शब्द ‘क्रिनॉन’ पॅलेस्टाइनमधल्या कोणत्या फुलाला उद्देशून आहे, याविषयी विद्वानांत एकमत नाही. कोणी लिली म्हणतात, तर कोणी वसंतात तिथली माळराने लाल करून टाकणाऱ्या ॲनिमोनकडे बोट दाखवतात. मराठीतला शब्द कानाला गोड आहे. पण तो ऐकून श्रोत्याच्या डोळ्यांपुढे कोणतेही झाड उभे राहत नाही.

या एका शब्दापासून आरंभ करून आपल्या ख्रिस्ती मराठी साहित्याकडे पाहावे, असे आम्हांस वाटते. प्रश्न साधा आहे. या साहित्यात रानातल्या लहान जीवांना, फुलांना, किड्यांना, अळंब्यांना कोणते स्थान मिळाले? ते जीव तिथे स्वतः आले आहेत, की केवळ दृष्टान्तापुरते?

मत्तयाच्या शुभवर्तमानातील त्या वचनातले क्रियापद येथे मार्गदर्शक ठरेल. ते ‘कातामाथेते’ असे आहे. त्याचा अर्थ नुसते पाहणे नव्हे, तर नीट अभ्यासून जाणून घेणे. ‘शिष्य’ या अर्थाचा ग्रीक शब्दही याच धातूपासून आला आहे. म्हणजे प्रभूने शिष्यांना फुलाचे विद्यार्थी व्हावयास सांगितले. पुढच्याच वाक्यात तो त्या फुलांना रानचे गवत म्हणतो, आज असलेले आणि उद्या भट्टीत जाणारे. तेव्हा ती वेदीवर फुलदाणीत ठेवण्याची उंची फुले नव्हेत. ते सरपणाच्या मोलाचे तण आहे. तुलनेसाठी प्रभूने शलमोन राजाचे नाव घेतले, यातही मर्म आहे. हा राजा लबानोनच्या गंधसरूपासून भिंतीत उगवणाऱ्या एजोबापर्यंतच्या वनस्पतींविषयी आणि पशुपक्षी, सरपटणारे जीव व मासे यांविषयी बोलत असे, असे राजांच्या पहिल्या पुस्तकात आहे. त्याला वैभव होते आणि वनस्पतींची ओळखही होती. प्रभूच्या श्रोत्यांना हा संदर्भ ठाऊक असणार.

आता आपले साहित्य पाहू. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राचोल येथे छापले गेले. त्यात मराठी भाषेची थोरवी गाताना या इंग्रज येशूसंघीयाने मोगऱ्याची, कस्तुरीची, मोराची उपमा दिली. परदेशातून आलेल्या कवीने परदेशी फूल न घेता इथला मोगरा घेतला, त्याला त्याच्या नावाने हाक मारली, याचे मोल मोठे आहे. परंतु हे गौरवगान श्रेष्ठांच्या निवडीचे आहे. फुलांत जे उत्तम, पाखरांत जे उत्तम, तेच त्यात येते. कुंपणाकडेचा तेरडा तिथे येऊ शकत नाही. त्या अलंकाराची रीतच तशी आहे.

तीन शतकांनंतर रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) आले. ते आपल्या कॅथलिक मंडळीतले नव्हते. तरीही ख्रिस्ती मराठी काव्य त्यांच्यावाचून पुढे जात नाही. त्यांना फुलामुलांचे कवी म्हणतात. ‘वनवासी फूल’ या दीर्घ काव्यात त्यांनी रानफुलाला मान दिला. पण शीर्षकात तरी ते फूल केवळ ‘वनवासी’ आहे. त्याची जात कोणती, हे आपणांस कळत नाही. त्यांची ‘केवढे हे क्रौर्य!’ ही कविता आपल्या अनेक वाचकांनी शाळेत पाठ केली असेल. बाणाने घायाळ झालेली पक्षीण रक्तबंबाळ होऊन पिलांकडे परत येते. तीही कवितेत अनामिकच आहे. मात्र टिळक एक गोष्ट अचूक सांगतात: ती परतते ती झाडाच्या ढोलीत. म्हणजे ही काटक्यांचे घरटे बांधणारी पक्षीण नव्हे. पोपट, मैना, तांबट यांच्यासारखी ढोलीत संसार करणारी आहे. त्या एका शब्दाने करुणा जमिनीवर उतरते. ढोली असलेले जुने झाड तोडले, तर बाणावाचूनही ही पक्षीण बेघर होईल, हे कळण्याची वाट तिथून निघते. कवीने ती वाट पुढे चालली नाही, हे खरे. ती कविता शिकाऱ्याच्या क्रौर्याची आहे, आणि तेवढ्यापुरती ती पूर्ण आहे.

टिळकांच्या नगरच्या घरी काही काळ राहिलेले त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजे बालकवी (१८९०–१९१८), यांच्या ‘फुलराणी’त तर हे अधिकच स्पष्ट दिसते. हिरव्या कुरणावर खेळणाऱ्या कळीचा सूर्यकिरणाशी विवाह लागतो. वऱ्हाडात चंडोल आहे, कोकीळ आहे, भारद्वाज आहे. पाहुण्यांना त्यांची त्यांची नावे आहेत. नवरीला मात्र नाव नाही! ती कोणत्या झाडाची कळी, ते कुरण कोणत्या गवताचे, हे कविता सांगत नाही. हा दोष मानावा काय? आमच्या मते नाही. बालकवींना एक फूल नव्हे, फुलण्याचा आनंद गावयाचा होता. परंतु त्यांच्या मागून आलेल्या शेकडो अनुकरणांत तो आनंद आटला आणि अनामिकता तेवढी उरली. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात ठोंबरे यांना ‘बालकवी’ ही पदवी देणारे अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर स्वतः नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञ होते. बामनदास बसू यांच्यासमवेत त्यांनी रचलेला भारतीय औषधी वनस्पतींचा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १९१८ मध्ये प्रसिद्ध झाला. कवी आणि वनस्पतिशास्त्रज्ञ एका मंडपात भेटले. त्यांच्या ग्रंथांची भेट मात्र मराठीत लवकर झाली नाही.

ती भेट झाली दुर्गाबाई भागवतांच्या ‘ऋतुचक्र’ (१९५६) या ललित निबंधांत. महिन्यामागून महिना झाडांत, फुलांत, पाखरांत काय बदलते, हे त्या नावानिशी सांगतात. त्यांचे गद्य काव्यमय आहे, तरी त्यातला पळस हा पळसच राहतो. तो कोणाच्या विरहाचे प्रतीक होऊन विरून जात नाही. पुढे वनखात्यात आयुष्य वेचलेल्या मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनी जंगलात राहणाऱ्यांच्या बोलीतले शब्द ग्रंथांत आणले. ही परंपरा आपल्या ख्रिस्ती लेखनात फारशी उतरली नाही. आपल्या नियतकालिकांतील भक्तिकविता वाचाव्यात. त्यांत ‘फूल’ असते, ‘पाखरू’ असते, ‘वेल’ असते. देवाची स्तुती करावयास ती सारी बोलावलेली असतात. पण साक्षीदाराचे नाव न विचारता त्याची साक्ष नोंदवावी, तसे ते होते.

अळंबी आणि बुरशी यांची तर गोष्टच काढू नये. आपल्या काव्यात बुरशी आली तर कुजण्याची खूण म्हणून येते. वास्तविक देवाच्या राज्याला प्रभूने जी उपमा दिली, तीत खमीर आहे. पिठाच्या तीन मापांत एका स्त्रीने लपवलेले ते खमीर म्हणजे दुसरे काय? त्यात डोळ्यांना न दिसणारी किण्वे, म्हणजे बुरशीच्याच कुळातले जीव, काम करीत असतात. मिस्सेत अर्पण होणारा द्राक्षारसही किण्वनावाचून होत नाही. प्रभूने ज्याला दाखल्यात जागा दिली, त्याला आपल्या एखाद्या कवितेत जागा असू नये, हे नवलच होय.

आणि हे वणीच्या मुलखात तर अधिकच खटकते. दिंडोरी तालुक्यातल्या द्राक्षबागाईतदाराला बुरशीविषयी कोणी शिकवावे लागत नाही. भुरी कोणती, डाउनी कोणता, पानाच्या कोणत्या बाजूला काय दिसते, मोरचूद आणि चुना केव्हा मारावा, हे तो सांगेल. पिठ्या ढेकूण आणि त्याला खाणारा ढालकिडा यांतला फरक तो जाणतो. मुळांच्या रोगावर उपाय म्हणून तो ट्रायकोडर्माचे पाकीट आणतो, तीही बुरशीच. येथे नावे अचूक आहेत, कारण चुकीचे नाव म्हणजे बुडालेला हंगाम. परंतु ही सारी नावे शत्रूंची, किंवा शत्रूच्या शत्रूंची आहेत. ज्याचा हिशोबात उपयोग नाही, तो जीव ‘किडा’ आणि ते झाड ‘तण’. अनामिक जीव फवाऱ्याखाली गेला, तर गेल्याचे कोणाच्या ध्यानातही येत नाही. साहित्याचे आणि धर्माचे काम नेमके येथे सुरू होते: ज्याच्याकडून लाभ नाही, त्यालाही नावाने ओळखणे.

यासाठी दूर जाण्याची गरज नाही. वणीहून सप्तशृंगगडाकडे आणि मार्कंडेयाच्या डोंगराकडे निघालेल्या वाटा पहिल्या पावसात जिवंत होतात. मृग नक्षत्र लागले की लाल मखमलीसारखा मृगाचा किडा ओल्या मातीवर फिरू लागतो. त्याला आठ पाय असतात; तो कीटक नव्हे, कोळ्याच्या नात्यातला आहे. हात लावताच गुंडाळी करणाऱ्या सहस्रपादाला लोकांनी ‘पैसा’ म्हटले. वारुळावर उगवणारी अळंबी वाळवीच्या शेतीतून येते. वाळवी जमिनीखाली त्या बुरशीचा मळा राखते, आणि पावसानंतर त्याची छत्री वर येते. कोणती अळंबी खावी आणि कोणतीला हातही लावू नये, हे पाड्यावरच्या जाणत्या बाईला ठाऊक असते. तिच्यावाचून कोणी धाडस करू नये. गोड्या मसाल्यातले दगडफूल तर प्रत्येक गृहिणीच्या डब्यात आहे. ते फूल नव्हे. एक बुरशी आणि एक शैवाल यांचा तो एकत्र संसार आहे. खडकावर आणि झाडाच्या सालीवर वाढणाऱ्या त्या जिवाला ‘दगडफूल’ म्हणणारा पहिला माणूस कवीच असला पाहिजे.

सह्याद्रीच्या झुडपांत पावसाळ्यात कळलावी फुलते. पानाच्या टोकाने ती आधार पकडते. पाकळ्या पिवळ्या-हिरव्या उमलून पुढे ज्वाळेसारख्या लाल होतात. ती लिलीच्या विस्तृत गोतातली आहे. तिचा कंद विषारी. त्याच विषातले कोल्चिसीन वैद्यकात संधिवाताच्या एका प्रकारावर देतात. प्रसूतीच्या कळा आणण्यासाठी तिचा उपयोग होई, म्हणून तिचे हे नाव, असे सांगतात. सौंदर्य, औषध, धोका आणि बायकांच्या वेदनेची स्मृती, इतके सारे एका नावात आहे. ‘भूकमळ’ या शब्दात यातले काय आहे?

विज्ञानाच्या भीतीने कोणी यापासून दूर राहू नये. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील येशूसंघीय फादर एथेलबर्ट ब्लॅटर (१८७७–१९३४) यांनी गवतांचा अभ्यास केला. फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव (१९०३–१९७०) यांनी खंडाळ्याच्या वनस्पतींवर ग्रंथ लिहिला आणि पुढे भारतीय वनस्पति सर्वेक्षणाचे संचालकपद भूषविले. सह्याद्रीतल्या एका कंदीलपुष्पाच्या शास्त्रीय नावात त्यांचे नाव आहे. दुसऱ्या एकाच्या नावात आपल्या जिल्ह्यातली अंजनेरी आहे. या कंदिलात लहान माशी शिरते, आतल्या खाली वळलेल्या केसांमुळे अडकते, आणि केस सुकल्यावर पराग घेऊन सुटते. या धर्मगुरूंचे लेखन इंग्रजीत राहिले, मराठी भाविकांपर्यंत ते पोहोचले नाही, एवढीच त्याची उणीव. ती भरून काढणे आता मराठी लेखकांकडे आहे.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लौदातो सी’ या परिपत्रकात बुरशी, शैवाल, किडे आणि सूक्ष्मजीव यांचा स्पष्ट उल्लेख केला. जीवसृष्टीचा गाडा त्यांच्यावाचून चालत नाही, असे ते म्हणतात. आपल्यामुळे नष्ट होणाऱ्या हजारो जाती आपल्या अस्तित्वाने देवाचा गौरव यापुढे करू शकणार नाहीत, हा त्यांचा विचार आम्हांस त्याहून गंभीर वाटतो. म्हणजे प्रश्न केवळ पर्यावरणाचा नाही, उपासनेचाही आहे. स्तुतीच्या समूहातला एक सूर कायमचा बंद पडतो, आणि आपल्या कवितेला तो कोणाचा होता हेही ठाऊक नसते.

उत्पत्तीच्या पुस्तकात देवाने प्राणी आदामापुढे आणले, आणि तो त्यांना काय नावे देतो ते पाहिले. मंदिराच्याही आधी माणसाला मिळालेल्या कामांपैकी हे एक होते. आमच्या हिंदू बांधवांची श्रद्धा अशी, की समोरच्या डोंगरावरून मार्कंडेय ऋषींनी गायिलेली स्तुती ऐकण्यासाठी सप्तशृंगीने मान किंचित कलती केली आहे. लक्ष देणारा कसा दिसतो, याचे हे चित्र आपणही आदराने पाहावे.

तरुण लेखकांना आमची सूचना एवढीच आहे. पुढील कवितेत ‘फूल’ हा शब्द लिहिण्यापूर्वी आपल्या आजीला, पाड्यावरच्या मावशीला, रानभाजी विकावयास आलेल्या बाईला त्याचे नाव विचारावे. ती नावे त्यांच्याबरोबर जात आहेत. आणि बायबलचे पुढचे भाषांतरकार ‘क्रिनॉन’पाशी अडतील, तेव्हा त्यांनी शब्दकोशाबरोबर एकदा पावसाळ्यातले रानही उघडून पाहावे. तिथे भट्टीत जाणाऱ्या गवतातच त्यांना कळलावी, सोनकी, तेरडा भेटतील.