पडवीतलं बाकडं आणि 'द सिम्स'

गेल्या वर्षी आजी न्हाणीत घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आणि ती परत यायच्या आत रोह्याचं घर तिच्या सोयीचं लावायचं काम माझ्याकडे आलं. मी पुण्यात कोड लिहितो. कागदावर नकाशा काढायचा कंटाळा होता, म्हणून मी ते घर 'द सिम्स 4' मध्ये बांधलं. हसू नका. मूळ गेम ऑक्टोबर 2022 पासून फुकट आहे, आणि पलंग फिरवून बघायला चार माणसं बोलवावी लागत नाहीत.

ज्यांनी खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: माणसं आपली आपण वावरतात, आपण त्यांचं घर मांडतो. प्रत्येकाच्या गरजांच्या पट्ट्या असतात. भूक, झोप, लघवी, स्वच्छता, करमणूक, माणसांची सोबत. 2000 साली आलेल्या पहिल्या 'सिम्स'मध्ये या गरजा आठ होत्या, चौथ्यात सहा आहेत. खुर्चीसमोर जागा सोडली नाही तर माणूस हातवारे करून तक्रार करतो. वस्तू वापरून खराब होते, मग 'दुरुस्त करा' वर क्लिक करायचं.

यातली खरी करामत माझ्या धंद्याची आहे. सिमच्या डोक्यात फ्रीज म्हणजे काय हे लिहिलेलंच नसतं. ते फ्रीजमध्ये लिहिलेलं असतं. घरातली प्रत्येक वस्तू सतत जाहिरात करत असते. फ्रीज म्हणतो, माझ्याकडे ये, भूक भागेल. पलंग म्हणतो, झोप मिळेल. सिम आपल्या रिकाम्या पट्ट्या बघतो आणि ज्याची जाहिरात सगळ्यात गोड, तिकडे चालायला लागतो. त्यामुळे नवीन वस्तू टाकली की माणसाचा कोड बदलावा लागत नाही. इतकी स्वच्छ रचना मी नोकरीत क्वचितच पाहिली आहे. ती ज्याची कल्पना, त्या विल राइटचं स्वतःचं घर 1991 च्या ओकलंडच्या आगीत जळालं होतं. सगळा संसार नव्याने घेताना कुठली वस्तू नक्की कशाला लागते, हा प्रश्न त्याला पडला आणि त्यातून हा गेम सुचला.

तर मी जाहिराती मोजल्या. आजीचा पलंग माजघरातून मागच्या खोलीत नेला, न्हाणीपासून सहा पावलांवर. शेजारी कमोडची खुर्ची, समोर टीव्ही, हाताशी पाणी. पडवीतलं जुनं बाकडं वॉकरच्या वाटेत येत होतं, ते उचलून मागे गोठ्यात टाकलं. गेममधल्या आजीच्या सगळ्या पट्ट्या हिरव्या झाल्या. खरी आजी आली, तिने खोली बघितली आणि म्हणाली, "छान केलंस हो बाबा." मी पुण्याला परतलो.

दोन महिन्यांनी बाबांचा फोन. आजी उठत नाही. फिजिओवाला येतो तेवढंच चालते. दुखतंय का, तर नाही. मग कशासाठी उठू, म्हणते.

ते बाकडं माझ्या हिशोबात आलंच नव्हतं, कारण आजीची कुठलीच गरज ते भागवत नव्हतं. पाठ टेकायला जागा नाही, एक पाय आखूड. पण त्याची जाहिरात आजीसाठी नव्हतीच. ती रस्त्यासाठी होती. कोळीण त्यावर पाटी टेकवून पदराने घाम पुसायची. धाटावच्या कारखान्यातून पाळी संपवून येणारा शेजारचा काका दोन मिनिटं बसायचा आणि गावची बातमी सांगून जायचा. अष्टमीहून पूल ओलांडून येणाऱ्या तिच्या मैत्रिणीचा तो थांबा होता. मी बाकडं हलवलं आणि तिघांनाही थांबायला कारण उरलं नाही. मुद्दाम मागच्या खोलीत जाऊन म्हातारीची चौकशी करणं म्हणजे आजारी माणसाला भेटणं. ते एकदा होतं, रोज होत नाही.

'सिम्स'वर माझा आक्षेप इथे आहे. चंगळवादाची टीका जुनी आहे, आणि राइटला ती ठाऊक होती. भारंभार वस्तू घेतल्या की त्या बिघडून तुमचाच वेळ खातात, हा टोमणा त्याने गेममध्येच पेरून ठेवलाय. मला खटकतं ते असं की तिथे वस्तू फक्त आपल्या घरातल्या गरजूशी बोलते. रस्त्याने जाणारा सिम आपण बोलावल्याशिवाय सहसा पडवीत येऊन टेकत नाही. सोबतीची पट्टी आहे, पण सोबत बोलावून आणायची असते, फर्निचरसारखी.

माझं आजोळ पेणला. तिथे तर हा गेम पुरता उलटा होतो. मामाच्या घरात गणपती होतात. उन्हाळ्यापासून हॉल मूर्तींचा. खाटा उभ्या करून ठेवतात, जेवायला स्वयंपाकघरात दाटीवाटीने बसतात, आणि रात्री ओल्या रंगाला पाय लागणार नाही अशा बेताने दोन रांगांच्या मधे झोपतात. लहानपणी मी झोपेत कूस बदलायलाही घाबरायचो. सिम असतो तर हातवारे करत बसलो असतो. तिथे जागा आधी वस्तूंना मिळते, उरलेली माणसांना, आणि तक्रार कोणी करत नाही, कारण वर्षभराची चूल त्यावर पेटते.

देखभालीचंही तसंच. चौथ्या 'सिम्स'मध्ये कसब वाढवलं की काही वस्तू कधीच बिघडणार नाहीत अशी सोय करता येते. ऋतूंचा वेगळा विकत घ्यायचा पॅक आहे, त्यात पाऊसही पडतो. पण दारं फुगत नाहीत. आमच्याकडे जूनमध्ये कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढायचं, नाहीतर मागे बुरशी. फ्रीजखाली विटा. फुगलेलं दार रंधून घ्यायची घाई करायची नाही, दिवाळीपर्यंत ते आपोआप बसतं. हे आजीला कोणी शिकवलं नाही आणि तिच्या कुठल्या पट्टीत दिसणारही नाही. मी कपाट भिंतीला चिकटवून ठेवलं होतं. त्या पावसाळ्यात तिची दोन लुगडी गेली.

जुलैत मी बाकडं परत पडवीत आणलं. गोठ्यात राहून त्याचा दुसरा पायही कुजला होता. आजी वॉकर धरून दारापर्यंत आली आणि उभ्यानेच सांगू लागली, कुठल्या पायाखाली चीप सारायची, किती जाड. तीनदा बदलायला लावली. मग बसली.

त्या रात्री गेममध्येही मी पडवीत बाक ठेवला. गेममधली आजी त्याच्या शेजारून गेली आणि टीव्हीसमोर जाऊन बसली.