दिवा, अंधार आणि चष्मा

शास्त्रज्ञाचे काम किती, हे त्याच्या शोधनिबंधांच्या यादीवरून मोजायची आपल्याला सवय झाली आहे. फिलाडेल्फियाच्या बाल रुग्णालयातील नेत्रतज्ज्ञ ग्रॅहॅम क्विन यांची यादी त्या मापाने भारदस्तच आहे. दिवस भरण्यापूर्वी जन्मलेल्या बाळांच्या दृष्टिपटलाचा विकार हा त्यांचा मुख्य विषय. पण क्विन यांचे नाव सर्वसामान्य वाचकांपर्यंत पोचवले ते 1999 च्या मे महिन्यात ‘नेचर’मध्ये आलेल्या एका छोट्या निबंधाने.

रुग्णालयात आलेल्या 479 मुलांच्या पालकांना क्विन व त्यांच्या सहकाऱ्यांनी विचारले : मूल दोन वर्षांचे होईपर्यंत कशा प्रकाशात झोपत असे? अंधारात झोपणाऱ्यांपैकी 10 टक्के, मंद दिव्यात झोपणाऱ्यांपैकी 34 टक्के आणि खोलीतला मोठा दिवा चालू असताना झोपणाऱ्यांपैकी 55 टक्के मुलांना ऱ्हस्वदृष्टी होती. म्हणजे लांबचे धूसर दिसत होते. पायऱ्या कशा ठसठशीत आहेत पाहा! शिवाय सतत प्रकाशात वाढवलेल्या कोंबडीच्या पिलांच्या डोळ्यांची वाढ बिघडते, हे आधीच ठाऊक होते. त्यामुळे निष्कर्ष पटण्याजोगा वाटला. यातून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, असे लेखकांनी स्वतः लिहिले होते. पण लगेच, लहान मुलांना अंधारात झोपवणे शहाणपणाचे, असा सल्लाही दिला. आमची तक्रार या सल्ल्याविषयी आहे. सावधगिरीचे वाक्य निबंधात राहते, सल्ला मात्र घरोघरी जातो.

2000 च्या मार्चमध्ये त्याच नियतकालिकात दोन उत्तरे आली. कार्ला झॅडनिक यांच्या गटाने 1220 मुले तपासली. अंधारात झोपलेल्यांत 20, मंद दिव्यात 17 आणि मोठ्या दिव्यात 22 टक्के मुलांना ऱ्हस्वदृष्टी आढळली. पायऱ्या गेल्या कुठे? बॉस्टनच्या जेन ग्वियाझ्डा यांच्या गटालाही 213 मुलांत दिव्याचा संबंध दिसला नाही. उलट, ज्यांना स्वतःला ऱ्हस्वदृष्टी आहे असे आईवडील मुलांच्या खोलीत दिवा अधिक ठेवतात, असे दिसले. (चष्मा उशाशी काढून ठेवल्यावर रात्री उठून बाळाकडे जायचे, तर उजेड हवाच की!) ऱ्हस्वदृष्टीचा कल आईवडिलांकडूनही येतो. मग दिवा आणि मुलाचा चष्मा या दोन्हींमागे एकच कारण असू शकते : पालकांचा चष्मा. पहिल्या निबंधाच्या मांडणीत हा प्रश्न सुटून गेला होता. त्यातच डोळ्यांच्या तज्ज्ञाकडे आलेली मुले म्हणजे गावातली सगळी मुले नव्हेत.

यावरून क्विन यांना निकालात काढू नये. 2014 मध्ये त्यांच्या नेतृत्वाखालील एका अभ्यासात, डॉक्टर नसलेल्या प्रशिक्षित कर्मचाऱ्यांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या डोळ्यांची छायाचित्रे घेतली आणि ती दूर बसलेल्या वाचकांनी तपासली. तातडीने तज्ज्ञाला दाखवायला हवीत अशी सुमारे 90 टक्के बाळे या पद्धतीने ओळखता आली. जिथे नेत्रतज्ज्ञ रोज पोचू शकत नाही, तिथल्या बाळांच्या दृष्टीचा हा प्रश्न आहे. आमच्या मते त्या सबंध यादीत पहिला वाचावा असा निबंध हाच.